आंतिग्वाची स्पॅनिश शाळा : शाळेला पाचपैकी तीन, घराला पाच

वाळूजला मी ज्या कारखान्यात आहे तिथून रिक्षाचे सुटे भाग बाहेरदेशी जातात. त्यातले बरेच मध्य अन् दक्षिण अमेरिकेत. तिकडचे डीलर फोनवर इंग्रजीत 'येस येस' म्हणायचे अन् पेटी उघडल्यावर कळायचं की त्यांना दुसरंच काहीतरी पाहिजे होतं. साहेब म्हणाले, कुणीतरी त्यांची भाषा शिकून या. पोरांची कुणाची लग्नं, कुणाची लेकरं लहान. चाळिशी ओलांडलेला मीच मोकळा सापडलो. अर्धा खर्च कंपनीचा, अर्धा माझा, असं करून जून-जुलैचे सहा आठवडे मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात, आंतिग्वाला जाऊन आलो.

आल्यापासून जो तो विचारायलाय, शाळा कशी होती, आम्ही जावं का. दरवेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. शाळेचं नाव घालत नाही. तक्रारी आहेत, अन् मला शिकवलेल्या बाईंच्या पोटावर पाय यायला नको. तसंही त्या गावात अशा शाळा गल्लोगल्ली आहेत अन् बहुतेकींचा साचा एकच: सकाळी आठ ते बारा वर्ग, एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, राहायला कुणाच्या तरी घरी, तीन वेळचं जेवण, रविवारी चूल बंद. मला आठवड्याच्या २० तासांचे २०० डॉलर पडले, घराचे १४० वेगळे. स्पेनला जायचं म्हटलं असतं तर एवढ्यात निम्मे दिवसही निघाले नसते.

गाव देखणं आहे, त्यात वाद नाही. १७७३ च्या भूकंपात पडलं म्हणून तिथली राजधानी उचलून दुसरीकडं नेली अन् हे मागं राहिलं. पडक्या चर्चच्या भिंती अजून तशाच उभ्या आहेत. रस्ते सगळे गोट्यांचे, चाकाच्या बॅगेचा पहिल्याच दिवशी जीव गेला. डोक्यावर दोन ज्वालामुखी: एकाचं नाव आगुआ म्हणजे पाणी, दुसऱ्याचं फुएगो म्हणजे आग. दोन शब्द फुकटात पदरात पडले.

शाळा म्हणजे जुना वाडा. मधे अंगण, भोवती ओसरी, ओसरीत छोटी छोटी टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक शिक्षक अन् एक विद्यार्थी. दहा वाजता कॉफी अन् गोड पाव. इथवर सगळं छान. मग हातात झेरॉक्सचा गठ्ठा आला अन् माझी पहिली तक्रार सुरू झाली. तो गठ्ठा सगळा इंग्रजीतून समजावलेला. म्हणजे मराठीतनं इंग्रजीत जायचं, इंग्रजीतनं स्पॅनिशमधे, अन् येताना परत तोच फेरा. लातूरहून औशाला जायला सोलापूर गाठल्यासारखं.

'मे गुस्ता'चं पान घ्या. आवडणं कसं सांगायचं ते दीड पान बाण काढून समजावलेलं, कारण इंग्रजीवाल्यांना ते उलटं वाटतं. दोन दिवस मी ते बाण बघत बसलो. तिसऱ्या रात्री पडल्या पडल्या उजेड पडला. मे गुस्ता एल काफे. मला आवडते कॉफी. 'मी कॉफीला आवडतो' नाही, 'मी आवडवतो' नाही, मला आवडते. आपण जन्मापासून हेच बोलतोय की! मग पुढचं धडाधड सुटत गेलं. 'से मे कायो' म्हणजे माझ्या हातून पडलं. मी पाडलं नाही, ते पडलं. आपल्याकडं कप फुटला की कोण म्हणतं 'मी फोडला'? फुटला म्हणायचं अन् बाजूला व्हायचं. स्पॅनिशमधेही तीच सोय आहे. शेजारच्या टेबलावरच्या एका अमेरिकन आजोबांना हे पटवायला त्यांच्या बाईंना आख्खा आठवडा लागला.

त अन् द तर आपले घरचेच. आजोबा 'टू' म्हणायचे तिथं बाई 'तू' काढून घ्यायच्या अन् माझ्याकडं बोट दाखवायच्या. व लिहिलेला असला तरी म्हणायचा ब, ह लिहायचा अन् गिळायचा. एक 'र्र' तेवढा जड जातो. 'पेरो' म्हणजे पण अन् 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. बैल हाकताना जीभ फिरते तशी फिरवली की जमतं, पण ते भर वर्गात करायला लाज वाटते.

तू-तुम्हीचंही तसंच. तिथं मित्रात 'बोस', परक्याला अन् मोठ्याला 'उस्तेद', शिवाय पुस्तकात एक 'तू' असतो तो वेगळाच. कुणाला काय म्हणायचं याची अक्कल आपल्याला आयती असते. झेरॉक्सवर मात्र याला 'अवघड' असा शिक्का होता. ज्यांच्या भाषेत एकच 'यू' आहे त्यांच्यासाठी असेल.

सांगायचं ते हे, की शाळा वाईट नाही, पण ती तुम्हाला इंग्रजीवाला समजून शिकवते. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की झेरॉक्स नको, बोला. मला हे सांगायचं सुचायला तीन आठवडे गेले.

आता घर.

घरमालकीण साठीच्या घरातल्या बाई. मी सेन्योरा म्हणायचो. मुलगी राजधानीत नोकरीला, सहा-सात वर्षांची नात यांच्याजवळ. माझी खोली अंगणाच्या कडेला. न्हाणीघरात गेलो अन् वर बघून इंजिनिअरचा जीव घाबरा झाला: पाणी तापवायची कॉइल थेट शॉवरच्या तोंडात, अन् दोन वायरी उघड्यावर टेप मारून जोडलेल्या. अर्थिंग कुठं दिसेना. तिथं घरोघरी असंच असतं, कुणी मरत नाही म्हणे. नळ थोडा सोडला तर पाणी उकळतं, जास्त सोडला तर गार. मी पहिला आठवडा गार पाण्यानंच आंघोळ केली. पंधराशे मीटर उंचीवरच्या गावात पहाटे ते काही सोपं नाही.

अंगणात एक सिमेंटचा हौद होता. त्याला 'पिला' म्हणतात. मधल्या हौदात पाणी साठलेलं, दोन्ही बाजूंना धुण्या-भांड्यांचे उथळ कप्पे. मधल्या पाण्यात हात घालायचा नाही, साबण लागू द्यायचा नाही, वाडग्यानं पाणी घेऊन बाजूला धुवायचं. मी पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर तसंच केलं. सेन्योरा बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं विद्यार्थी ठेवते, न सांगता असं करणारा तूच पहिला. आता लातूरकडच्या माणसाला हौदाचं काय सांगायचं? आमच्याकडं २०१६ ला रेल्वेनं मिरजेहून पाणी आणलं होतं. ते सांगायला तेव्हा भाषा नव्हती. पाचव्या आठवड्यात सांगितलं. नातीला आगगाडी भरून पाणी हे इतकं आवडलं की ती रोज तेच ऐकायला मागायची.

जेवणाचं सांगतो, कारण आपल्याकडच्यांना पहिली काळजी तीच. मी अंडी खातो, मटण-कोंबडी नाही. 'कार्ने नको' म्हटलं की ताटात कोंबडी येते, कारण त्यांच्या बोलण्यात कोंबडी म्हणजे कार्ने नाहीच. कार्ने, पोयो, पेस्कादो, तिन्हीची नावं घेऊन नाही म्हणा. काळ्या घेवड्याची उसळ घोटून चरबीत परततात कधीकधी, ती 'मांतेका' की 'आसेइते', म्हणजे चरबी की तेल, तेही विचारा. सेन्योरांनी माझ्यासाठी तेलाची बाटली वेगळी ठेवली. पेपियान नावाची एक आमटी असते, भोपळ्याच्या बिया, तीळ, सुक्या मिरच्या भाजून वाटलेली. त्यांनी ती कोंबडीऐवजी बटाटे घालून केली अन् मला आपल्या येसराच्या आमटीचीच आठवण आली. तिखट मात्र तिथं कमीच. शेंगदाण्याची चटणी न्या. मी किलोभर नेली, तिसऱ्या आठवड्यात संपली, अर्धी सेन्योरांनी संपवली.

अन् भाकरी. ते तोर्तिया म्हणतात, पण आवाज ऐका. दोन तळहातांमधे टप टप टप थापतात, परात नाही, पोळपाट नाही, अन् तव्यावर टाकतात. तव्याला कोमाल म्हणतात. मका आदल्या दिवशी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन दळतात. चुन्यानं साल सुटतं, पीठ एकजीव होतं अन् मक्यातलं जीवनसत्त्वही अंगी लागतं. आपल्याकडच्या मक्याच्या भाकरीची कड फाटते, यांची का फाटत नाही ते कळलं.

तिथले सकाळचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नाष्ट्याला बसलो की मायचा फोन यायचा.

"काय खायलास रे?"

"भाकरी."

"कशाची?"

"मक्याची."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "मक्याची? जनावरावानी?"

सेन्योरांना ज्वारीचा फोटो दाखवला तर त्यांनी ओळखली. 'माइसियो'. पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात पिकते, म्हणाल्या, अन् कोंबड्यांना घालतात. मायला हे सांगितलं नाही.

बाजारात गेलो की अर्ध्या गोष्टी ओळखीच्या. सीताफळाची बहीण 'आनोना' दिसली. बीडच्या सीताफळाला आपण जीआय मानांकन मिळवलं खरं, पण ते खानदान मूळचं तिकडचंच. चिकूही तिकडचाच, त्याला 'चिकोसापोते' म्हणतात, आपण शेपूट तोडून घेतलं. पगार देणं म्हणजे 'पागार', चावी म्हणजे 'याबे', बादली 'बाल्दे'. पोर्तुगीज आपल्याकडं टाकून गेलेले हे शब्द तिथं चुलतभावासारखे भेटतात. वेलदोड्याची मात्र गंमत आहे. जगात सगळ्यात जास्त वेलदोडा बाहेर पाठवणाऱ्यांत हा देश, अन् सेन्योरांच्या घरात वेलदोडा नव्हता. बहुतेक अरब देशांत जातो. मी शोधून आणला, चहा केला. नातीनं थुंकला.

खरी शिकवणी कुठं झाली ते आता सांगतो.

पहिल्याच रात्री खिडकीच्या काचा थरथरल्या अन् खालून घुमल्यासारखा आवाज आला. मी उठून, चप्पल न घालता, अंगणात. सेन्योरांच्या खोलीतून आवाज आला, "एस एल फुएगो, नादा मास." फुएगो आहे, बाकी काही नाही. तो डोंगर दिवसरात्र असा खाकरत असतो. त्यांना वाटलं, पाहुणा भित्रा आहे.

तेव्हा मला सांगता आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात शाळेत भूतकाळ निघाला. स्पॅनिशमधे दोन भूतकाळ, अन् झेरॉक्सवर त्यांच्यासाठी एक सरळ रेघ, एक नागमोडी रेघ, नियमांची यादी अन् यादीखाली अपवादांची यादी. डोकं उठलं होतं. दुपारी पाऊस धो धो, जूनमधे तो रोज जेवण झालं की येतोच, अन् आम्ही तिघं स्वयंपाकघरात. पत्र्यावर पावसाचा आवाज. सेन्योरा म्हणाल्या, मला हा आवाज आवडत नाही. ७६ ला भूकंप झाला, त्यानंतर कित्येक वर्षं पत्र्याखालीच काढली.

मग त्या सावकाश सांगायला लागल्या. ४ फेब्रुवारी १९७६, पहाटेचे तीन. त्या लहान होत्या. 'दोर्मीआमोस', आम्ही झोपायचो, झोपेत होतो, सगळी भावंडं एका खोलीत, कच्च्या विटांच्या. 'दे रेपेन्ते तेम्ब्लो', अन् अचानक हादरलं. एकदाच. देशात तेवीस हजार माणसं गेली.

मी ऐकता ऐकता थांबलो. दोर्मीआमोस : झोपायचो. तेम्ब्लो : हादरलं. नागमोडी रेघ म्हणजे आपलं 'जायचो, यायचो, करायचो' अन् सरळ रेघ म्हणजे 'गेलो, आलो, केलं'. एवढंच! हे मला झेरॉक्सवर कुणी सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

अन् मग माझी गोष्ट मी त्यांना सांगितली. दोन्ही भूतकाळांत, चुकत चुकत. औसा तालुक्यातलं आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवलेला, मी अकरा वर्षांचा, नाचून दमलेला. आम्ही माळवदाच्या घरात राहायचो, दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा थर. त्यांना 'आदोबे' म्हणजे कच्ची वीट कळत होतं, माळवद हातानं दाखवलं. हादरलं, भिंत आली, धूळ. अन् काकानं मला ओढून बाहेर काढलं.

पण 'काका'साठी स्पॅनिश शब्द मला आठवेना. मी तसंच म्हणालो, "मी काका मे साको."

नात फिसकन हसली. सेन्योरांनी तिला डोळे दाखवले अन् मग त्याही तोंडावर फडकं धरून हसायला लागल्या. 'काका' म्हणजे तिकडं शी. माझ्या शीनं मला ओढून बाहेर काढलं, असं मी भूकंपाच्या गोष्टीत सांगून बसलो होतो. 'तिओ' म्हणायचं असतं, नात म्हणाली, तिओ. हसणं थांबायला वेळ लागला. मग सेन्योरांनी विचारलं, किती गेले? मी म्हणालो, 'मिलेस'. हजारो. पुढं कुणी काही बोललं नाही. त्या उठून कॉफी करायला लागल्या. माझी चुलतआजी त्यात गेली, ते मी सांगितलं नाही. शब्द होते, पण नको वाटलं.

त्या दिवसानंतर फुएगो घुमला की सेन्योरा पलीकडून ओरडून सांगायच्या, झोप, तोच आहे.

हा वर्ग फीमधे धरलेला नव्हता. म्हणूनच म्हणतो, शाळा घेताना शाळेपेक्षा घराची चौकशी जास्त करा. घरात दुसरा विद्यार्थी नको, असं आधीच लिहून घ्या. दोन परदेशी एका टेबलावर बसले की इंग्रजी सुरू होते अन् पैसे पाण्यात जातात.

शाळेबद्दलच्या बाकीच्या तक्रारी भराभरा सांगतो. पहिल्या तीन आठवड्यांच्या बाई प्रेमळ होत्या, पण चार तासांतले अडीच तास त्यांच्या वहिनीबद्दल त्याच बोलायच्या. कानाला सवय झाली, जिभेला नाही. मला कामाचे शब्द पाहिजेत, नट-बोल्टचे, गॅरेजचे, असं ऑफिसात तीनदा सांगितलं. दरवेळी उत्तराची सुरुवात 'फीहेसे के' अशी. हा शब्द पाठ करून ठेवा. आपल्याकडं 'त्याचं काय झालं बगा' म्हटलं की काम झालेलं नसतं, तसंच. २५ जुलैला गावच्या सान्तियागोची जत्रा, शाळा बंद. तो दिवस भरून दिला नाही, पैसेही नाहीत. सुट्ट्यांची यादी पैसे भरायच्या आधी मागा.

चौथ्या आठवड्यात बाई बदलून मिळाल्या अन् त्यांनी वसूल करून दिलं. दुसऱ्याच दिवशी मला गावाबाहेरच्या एका गॅरेजला नेलं, स्टुलावर बसवलं, मेकॅनिकला सांगितलं, याला कामाला लावा. तो गाडीखालून हात बाहेर काढून म्हणाला, "याबे!" मी शहाण्यासारखी खिळ्याला अडकवलेली गाडीची चावी आणून त्याच्या हातात दिली. त्याला बारा नंबरचा पाना पाहिजे होता. चावीला अन् पान्याला एकच शब्द आहे. हे कळलं अन् आमच्या ऑफिसातली दोन वर्षांपूर्वीची एक भानगड उलगडली. तिकडून टूलकिटमधे 'कीज' कमी आहेत अशी तक्रार आली होती अन् आम्ही चाव्या पाठवल्या होत्या. नट म्हणजे 'तुएर्का', प्लग म्हणजे 'बुहिया', गॅरेज म्हणजे 'तायेर'. चार सकाळी तिथं काढल्या. माझ्या कंपनीचे पैसे तिथं फिटले.

एका रविवारी आतित्लान तळ्यावर गेलो. तळ्याकाठच्या पानाहाचेल गावाला उतरलो अन् समोर रिक्षांची रांग, सगळ्या आपल्याच. बजाज. मला उगाच भरून आलं. बसलो अन् रिक्षावाल्याला म्हणालो, ही जिथं बनते तिथून माझं घर दहा मिनिटांवर आहे. तो हसला, विश्वास ठेवेना. मोबाइलवर नकाशा काढून वाळूज दाखवलं. त्यानं गाडी कडेला घेतली, नकाशा मोठा करून बघितला अन् विचारलं, तिथं किती वाजता पोचतो माणूस? मग कळलं की त्याच्या घरी काक्चिकेल बोलतात, स्पॅनिश त्यालाही शाळेतच शिकावी लागली. या देशात माया लोकांच्या बावीस भाषा आहेत. म्हणजे त्या रिक्षात स्पॅनिश कुणाचीच नव्हती, दोघंही शिकलेलीच बोलत होतो, अन् म्हणूनच असेल, एकमेकांचं सगळं कळत होतं. भाडं मात्र त्यानं पूर्ण घेतलं.

आता डीलरांचे फोन मीच घेतो. फार शुद्ध बोलत नाही, पण पेट्या बरोबर जायला लागल्यात.

जायचं असेल तर चार आठवडे पुरेत, सहा जास्त झाले. बाई आवडल्या नाहीत तर गुरुवारपर्यंत सांगा, शुक्रवारी पुढच्या आठवड्याची जुळणी झालेली असते. जेवून उठताना 'मुचास ग्रासियास' म्हणा, टेबलावरचे सगळे 'बुएन प्रोबेचो' म्हणतील. न बोलता उठलात तर कुणी काही म्हणणार नाही, पण सेन्योरांच्या लक्षात राहील. अन् जून-जुलैत जाणार असाल तर छत्री घरून न्या. शाळेच्या दारात ठेवलेल्या छत्र्या फुकट वाटतात, शेवटच्या दिवशी बिलात निघतात.